रागासकट पाण्यात

तिला सगळे कात्री म्हणायचे. कपडे आवळून, सैल करून, लांबी उतरवून द्यायचं तिचं दुकान होतं, तेव्हा हातात कात्री असायचीच. पण नाव पडलं ते तोंडामुळे. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, ही पँट धुऊन आटली हो," की ही म्हणायची, "पँट कशाला आटते, माणूस फुगतो." गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच यायचं, कारण तिची शिवण कधी उसवत नसे.

दुकान म्हणजे अरुंद गल्लीतली पुढची खोली. खिडकीखाली मशीन, भिंतीशी इस्त्रीचं टेबल, वर दांडीवर टाचण्या लावलेले कपडे. मागच्या खोलीत ती आणि तिची थोरली नणंद राहायच्या. नणंदेने लग्न केलेलं नव्हतं, आणि भाऊ गेल्यावर भावजयीला टाकून दुसरीकडे जावं असंही तिच्या मनात आलं नाही. दोघींचं रोज एकदा वाजायचं. पण एकीला ताप आला की दुसरीला घास उतरत नसे.

कात्रीचा नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. एके दिवशी वाफेचा नळ फुटला. तो सुटून बाहेर आला होता, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. जोडीदार आत राहिलाय हे कळलं तसा माघारी फिरला. जोडीदाराला दाराबाहेर ढकललं आणि स्वतः भाजला. दवाखान्यात त्याने काय सोसलं ते कात्रीने कधी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या अंगावर चादरसुद्धा ठेवता येत नव्हती, एवढंच एकदा बोलून गेली.

तो गेल्यावर बाकीचे वार मशीनवर बसून ढकलता यायचे. रविवार ढकलता येईना. रविवारी बॉयलर बंद असायचा, तो घरी असायचा, आणि दिवसभर हिच्या पायात पायात घुटमळायचा. आता घर खायला उठायचं. गल्लीच्या टोकाला एक देऊळ होतं, ख्रिस्ती मंडळींचं, तिथले पडदे तिने शिवून दिले होते. एका रविवारी तिथे जाऊन मागच्या बाकावर बसली. पाळकसाहेब त्या दिवशी येशू मित्राच्या कबरेपाशी रडला ती हकिगत सांगत होते. तिला ती पटली. तिच्या दारात आलेला जो तो तिला धीर धर म्हणत होता, रडलं कुणीच नव्हतं. ती पुढच्या रविवारी गेली, आणि त्याच्या पुढच्याही.

मग एका रविवारी पाळकसाहेब नरकाच्या आगीवर बोलले. ज्यांनी प्रभूला आपलं म्हटलं नाही ते सगळे त्या आगीत, असं म्हणाले, आणि म्हणताना हाताने टेबलावर थाप मारली. कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या माणसाने प्रभूला ना आपलं म्हटलं होतं ना परकं, त्याला बॉयलरमधून वेळच मिळाला नव्हता. एकदा भाजून मेलेल्या माणसाला हे पुन्हा भाजायला निघाले होते.

उठून निघून जावं असं तिला वाटलं. पण जायचं कुठे? रविवार काय, पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारच होता. ती बसून राहिली. फक्त आत कुठेतरी कडी घातली. ज्या दारातून माझ्या माणसाला हाकललं, त्या दारातून मी आत जाणार नाही. बाहेरच्या ओट्यावर बसेन.

असा तिचा ओटा वर्षानुवर्षं चालला. ती मंडळीतलीच झाली. लोकांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायची तिथे रीत होती. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली हौद होता. त्यासाठी लागणारे पांढरे झगे कात्रीच शिवायची. पाण्यात शिरल्यावर झगा फुगून वर येतो आणि माणसाची अब्रू जाते, म्हणून खालच्या पट्टीत ती शिशाचे तुकडे घालून शिवायची. प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, भाकरीचं ताट बाकाबाकातून फिरे आणि बाप्तिस्मा झालेले एकेक तुकडा खात, तेव्हा ती ते डावीकडून घेई आणि उजवीकडे देई. तुकडा कधी उचलला नाही. आणि एवढ्या वर्षांत कुणी ते पाहिलं नाही. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले, दुसरं काय.

बिंग फुटलं ते मानपानातून. बायकांच्या मंडळाला नवी प्रमुख हवी होती, आणि सगळ्यांनी एकमुखाने कात्रीचं नाव घेतलं. मंडळीची सेक्रेटरी एक चष्मेवाली बाई होती, कामाला चोख. ती दुकानात आली आणि म्हणाली, "रविवारी तुमची ओळख करून द्यायची आहे. तुमचा बाप्तिस्मा कुठल्या पाळकांच्या हातून झाला?"

कात्री दाताने दोरा तोडत म्हणाली, "झालाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही झाला. तुम्ही विचारलंच कुठे कधी."

चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो, पण आमचे सगळ्यांचे झगे तुम्ही शिवलेत."

"मग? लग्नाचे कपडे शिवले म्हणून माझं लग्न लागतं का?"

तिथून दुकानात रीघ लागली. कपडा एकाच्याही हातात नाही, सगळ्यांच्या हातात सल्ला. चष्मेवाली पुन्हा आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घरच्यांची भीती वाटते का? नणंदबाई काही म्हणतात?"

मागच्या खोलीतून नणंद ओरडली, "मी काय म्हणते ते मलाच विचारा. मी हिला एवढंच विचारते, की तिकडे तुला देतात तरी काय? आमच्या वरच्या मजल्यावरची सांगत होती, काहीतरी मिळाल्याशिवाय कोण जातं."

"काही देत नाहीत, वन्सं," कात्री म्हणाली. "उलट पडदे फुकट शिवून घेतले."

मग तिच्या बाकावर शेजारी बसणारा बस-ड्रायव्हर आला. भला माणूस, तोंडात शिवी मात्र पानासारखी. तो म्हणाला, "मावशी, मला कळतंय तुमचं. तुम्हाला वाटत असेल, आधी स्वभाव सुधारू, मग पाण्यात उतरू. मीही तेच म्हणत होतो. शिव्या सुटल्या की घेतो म्हटलं. अहो, त्या हिशोबाने मी मेल्यावरच गेलो असतो."

"माझ्या स्वभावाला काय झालंय?" कात्रीने विचारलं.

ड्रायव्हर जरा वेळ इस्त्रीकडे बघत बसला आणि म्हणाला, "काही नाही. चांगला आहे."

आणखी एक बाई म्हणाली, आमच्यातले लोक बोलतात एक नि करतात एक, त्याचा तुम्हाला राग असेल. त्यावर कात्री म्हणाली, "लोकांचं सोंग मला काय सांगता? मी मापं घेते. टेप लावली की जो तो पोट आत ओढतो, पाळकसुद्धा. त्यावर रागवायचं तर मला दुकान बंद करावं लागेल."

हसून घालवलं तिने सगळ्यांना, पण आतून ती खदखदत होती. येणारा प्रत्येकजण कारण घरूनच शिवून आणायचा आणि हिच्या अंगावर चढवून बघायचा. तुझं काय दुखतंय, असं कुणी विचारेना. त्या आठवड्यात तिने एका कोटाची बाही उलटी जोडली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. बाही उसवताना ती एवढी चिडली, की कोटवाल्यालाच म्हणाली, तुमचा हातच उलटा आहे.

शेवटी पाळकसाहेब स्वतः आले. म्हातारे झाले होते. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी काही सांगायला सुरुवात केली नाही. म्हणाले, "बाप्तिस्मा नाही, म्हणजे भाकरीही घेतली नसणार. तुम्ही इतकी वर्षं ताट पुढे सरकवत राहिलात आणि मी समोर उभा राहून पाहिलं नाही. माझी चूक. का सरकवलंत?"

कात्रीने मशीन थांबवलं.

"माझा माणूस कुठे आहे?" ती म्हणाली. "तुम्ही टेबलावर थाप मारून सांगितलं होतं. तुम्हाला आठवत नसेल, थाप मारणाऱ्याला आठवत नाही. मला आठवतं. तो दुसऱ्याला काढायला आगीत गेला. सुटलेला माणूस परत गेला. तुमच्या पुस्तकात जो दुसऱ्यासाठी जीव देतो त्याचं तुम्ही वर्षभर कौतुक करता, आणि माझ्या माणसाने केलं तर त्याला आग? मी पाण्यात उतरले की मला म्हणायला लावणार, पूर्वी मी अंधारात होते. तो अंधार होता का? त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मी वर जाऊन वाजवू टाळ्या, आणि तो खाली? नको मला तुमचं वर."

मागच्या खोलीत भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

पाळकसाहेब म्हणाले, "याला पाठ केलेलं उत्तर आहे माझ्याकडे."

"ते नको."

"मग मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, बाई. न्याय करणारा मी नाही, आणि जो आहे तो कबरेपाशी रडला होता, एवढंच मला ठाऊक आहे."

यावर तिने शांत व्हायला हवं होतं. ती आणखी भडकली. "माहीत नव्हतं तर एवढ्या खात्रीने थाप कशाला मारलीत?"

"तरुण होतो. भीती घातली की लोक लवकर येतील, असं वाटायचं."

"आले का?"

"आले थोडे. पण एक बाई दारातच अडून बसली, ते मला आज कळतंय." त्यांनी हात जोडले. "मी चुकलो. तुमच्या माणसाबद्दल तसं बोलायचा मला अधिकार नव्हता."

ते गेले. तिने मशीन सुरू केलं, पण सुई नुसतीच खालीवर होत राहिली, खाली कापड नव्हतं.

नणंद बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच. "एवढी वर्षं तू माझ्या भावाच्या नावावर तिथे अडून बसलीस?"

"त्याच्यासाठीच बसले."

"त्याच्यासाठी नव्हे. तो असता तर म्हणाला असता, अगं जा की, दारात काय गर्दी करतेस. ते पाणी-बिणी मला काही पटत नाही, तुझा देव तुला लखलाभ. पण जायचं तर आपल्या पायाने जा आणि नसेल जायचं तर आपल्या पायाने थांब. माझ्या भावाचा अडसर करू नकोस. तो कुणाच्या वाटेत आडवा येणाऱ्यातला नव्हता."

"वन्सं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतं, की तू चिडायचं सोडायला घाबरतेस."

कात्रीला असा राग आला, की तिने टेप उचलून भिंतीवर फेकली. कारण ते खरं होतं. पाण्यातून वर आलेली माणसं तिने पाहिली होती, तोंड कसं धुतल्यासारखं, सगळं माफ करून टाकलेलं. तिला वाटायचं, आपणही तशा वर आलो तर? नवऱ्याचं तिच्याकडे आता काय उरलं होतं? कपडे विरले, आवाज नीट आठवत नव्हता. राग तेवढा ताजा होता. तोही पाण्यात सोडून आलो तर त्याच्या बाजूने भांडणारं जगात कुणीच राहणार नाही. तिला देव नको होता असं नव्हतंच. कबरेपाशी रडणाऱ्या त्या येशूवर तिचा केव्हाच जीव जडला होता. आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग यायचा. परक्यावर कोण एवढं रागावतं?

त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री तडक पाळकसाहेबांकडे गेली. दारातूनच म्हणाली, "ओट्यावर बसून भांडलं तर घरधन्याला ऐकू जात नाही. मी आत येऊन विचारणार आहे. पण ते अंधाराचं वाक्य मी म्हणणार नाही. आणि राग टाकून येणार नाही. चालत असेल तर सांगा, नाहीतर माझी कामं पडलीत."

पाळकसाहेब म्हणाले, "चालेल."

"तुम्हाला चालेल. त्याला?"

"त्याला यापेक्षा वाईट ऐकायची सवय आहे."

तिच्या दिवशी देऊळ भरलं होतं. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकाने हौदाच्या काठावर उभं राहून आपली साक्ष द्यायची, अशी तिथली पद्धत. कात्री पांढऱ्या झग्यात उभी राहिली. बाकांकडे बघून म्हणाली, "माझा नवरा चांगला माणूस होता. तो आत्ता कुठे आहे, मला माहीत नाही. पाळकसाहेबांनाही माहीत नाही, मी विचारलंय. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे मी जातेय. रोज विचारणार आहे. मी रागात आहे, आणि त्याने मला अशीच घ्यावं. झालं माझं."

चष्मेवाली खोकली. बस-ड्रायव्हर मोठ्याने "आमेन" म्हणाला आणि चहूकडे बघून खाली बसला.

पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी हात पुढे केला. तिने पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "केवढं गार आहे हे. बॉयलरवर माझा माणूस असता तर असं ठेवलं नसतं."

"नसतं ठेवलं," पाळकसाहेब म्हणाले, आणि तिला पाण्यात घेतलं.

नणंद आत आली नव्हती. ती बाहेर भिंतीशी टॉवेल आणि स्वेटर कवटाळून उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रागाने बघत. कात्री ओल्या केसांनी बाहेर आली, तशी तिने टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि जरा जास्तच जोराने डोकं पुसायला लागली.

"झालं?"

"झालं."

"राग गेला?"

कात्रीने टॉवेलाखालून क्षणभर अंदाज घेतला. "नाही."

"बरं झालं," नणंद म्हणाली. "मला वाटलं, आतून दुसरीच कुणी बाहेर येते की काय. हात वर कर, स्वेटरची बाही घालू दे."