रावणकाकांचा उपास

आमच्या गावात रावणाला काका म्हणत आणि त्याला कुणी घाबरत नसे. खर्डीच्या पलीकडे, भातखाचरांच्या काठी आमचं गाव. उन्हाळ्यात तिथे बोहाडा होतो. देवादिकांचे लाकडी मुखवटे, म्हणजे सोंगं, चढवून गावातलीच माणसं संबळाच्या तालावर नाचतात. त्यातलं दहा तोंडांचं रावणाचं सोंग काकांच्या घराण्याकडे. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या गावाला डोकं खाजवावं लागलं असतं. दहा तोंडं मिरवणारा हा माणूस स्वतःच्या एकुलत्या तोंडाने दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तरी पुष्कळ. ते तोंड मात्र पाहण्यासारखं होतं: गोल, भरल्या गालांचं, सदा हसू दाबल्यासारखं. तुळसाकाकी आम्हा मुलींना सांगायची, "बापानं स्थळ दाखवलं. मी निस्ते गाल बघलं नि हो म्हनलं."

सोंगाच्या बाबतीत काका भलते कडक. रावण चढवायचा त्या दिवशी ते उपास धरत. मुखवटा फडक्याने आवळून बांधला की बोलणं नाही, खोकणं नाही, अंग खाजवणं नाही. "तोंड बांधलं का मानूस सपला," असं म्हणायचे. सोंग उतरल्यावर काकी भाताचा पहिला घास आपल्या हाताने भरवायची. तो पोटात गेला म्हणजे उपास सुटला.

मग एका वर्षी काकांना एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. शहापूरला दाखवलं, तिथून मुंबईला. डोक्यात, डोळ्याच्या नसेला खेटून गाठ निघाली. तिथे सुरी घालणं धोक्याचं होतं. किरणांनी जाळायची, तीही अशी नेमकी की नसेला धग लागता कामा नये. केसभर चुकलं तर नजर गेली. काकांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "डोळं ऱ्हातील ना? आंधला रावन नाचत नाय."

माझी नोकरी मुंबईच्या त्या दवाखान्याजवळ, म्हणून काका-काकी माझ्या खोलीवर उतरले आणि रोज सोबतीला मी. पहिल्या दिवशी वाटेत म्हणाले, "धा डोकी हायेत गो पोरी. येक बिघडलं तं काय झालं?" मी हसले. हसले नसते तर रडले असते.

यंत्र चालवणाऱ्या बाईंनी जाळीचा एक पांढरा पत्रा गरम पाण्यात मऊ केला आणि काकांच्या चेहऱ्यावर ओढून बसवला. थोड्या वेळात तो टणक झाला. काकांचे गाल, नाक, मिटलेल्या पापण्या, सगळं त्यात जसंच्या तसं. डोकं तसूभर हलू नये म्हणून तो मुखवटा टेबलाला पक्का अडकवायचा. पूर्वी यासाठी कवटीला स्क्रू लावून लोखंडी कडं बसवत, असं बाई म्हणाल्या. "मंग आमी नशिबाचं," काका म्हणाले. यंत्र डोक्याभोवती फिरत चहूकडून थोडे थोडे किरण सोडतं आणि ते सगळे जिथे एकत्र येतात तेवढंच जळतं, हेही त्यांना लगेच कळलं. "शेतात डुक्कर शिरला का आमी असाच घेरतो. येकट्यादुकट्याचं काम नाय त्ये."

जाळी चढली की काका इतके निश्चल पडत, की असा पेशंट मी पाहिला नाही, असं बाईंनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. माझी छाती फुगली. त्या शिस्तीच्या पोटात आणखी काय चाललं होतं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

किरण सोडण्याआधी रोज फोटो काढून डोकं जागेवर आहे ना, ते ताडून बघत. निम्मे उपचार झाले असतील, आणि एके दिवशी फोटो जुळेना. बाईंनी गालाशी जाळीखाली बोट घालून पाहिलं. ते सहज आत शिरलं. मुखवटा होता तसाच होता, आतले काका आटले होते.

"काका, जेवता ना?" बाईंनी विचारलं.

काकांना खोटं बोलता येत नसे. "माजं सोंग चालू हाय ना, बाय. रोज तोंड बांधतांव. सपलं का घरला जाऊन घास घेईन."

काकीने बांधून दिलेली भाकरी ते, मी कामावर गेले की, बाकावर बसलेल्या लोकांना वाटून टाकत. खोलीवर म्हणत, भूक नाय. आजारात असं व्हायचंच, म्हणून काकी गप्प बसे. जीव धरायला चहा आणि एखादं केळं, एवढ्यावर त्यांनी ते दिवस काढले होते.

डॉक्टर संतापले. नवा मुखवटा, नवं गणित. तोवर उपचार बंद. त्यांनी काकांना समोर बसवून बिस्किटं खायला लावली. काकांनी ती औषधासारखी गिळली. बाहेर आल्यावर ओठांवरचा चुरा पुसला. मग म्हणाले, "उपास सुटला नाय गो. मोडला."

पुढचे उपचार पार पडले, पण डाव्या डोळ्याची नजर गेली. गाठीने नस आधीच दाबली होती. मध्ये खंड पडला नसता तर वाचली असती का, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांना मात्र पक्कं ठाऊक होतं. उपास मोडला म्हणून डोळा गेला. मी त्यांच्याशी वाद घातला, चिडले, रडले. माणसाने एवढं नेमकं यंत्र केलं, आणि त्याच्याखाली माझा काका उपाशी पडून राहिला, याचा मला आजही राग येतो. कुणावर काढावा ते कळत नाही.

त्या वर्षीच्या बोहाड्यात त्यांनी रावण चढवला नाही. "मोडल्या उपासाचा मानूस मी," म्हणाले आणि पुतण्याच्या तोंडाला फडकं बांधून दिलं. नाच सुरू झाला तेव्हा ते मागे, भिंतीकडे तोंड करून बसले होते. पावसाळ्यात गाठ पुन्हा वाढली. भात कापणीला आलं आणि काका गेले.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरात फोटो पुष्कळ निघाले, पण सगळ्यांत रावण. आधार कार्डावरचा माणूस तर काकांनीही ओळखला नसता. शेवटी काकीने माळ्यावरून एक गाठोडं काढलं. दवाखान्यातले दोन्ही मुखवटे काकांनी घरी आणून ठेवले होते. बसक्या गालांचा दुसरा तिने न बघता बाजूला सारला. पहिला, भरल्या गालांचा, पाटावर टेकवून ठेवला आणि पदराने पुसला. लोक हार पुढे करत होते. तिने तो घेतला नाही. पानावरचा भाताचा घास उचलला आणि जाळीच्या मिटल्या ओठांशी नेला.

"घ्या," ती म्हणाली. "सोंग उतारलं आता. सुटला तुमचा उपास."