गोळीबाईंची साक्ष

सोहम, अन्वी, माझ्या नातवंडांनो, परवा फोनवर सोहम सहज म्हणाला की घसा बरा वाटला म्हणून त्याने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. तेव्हाच बोलले असते तर ओरडले असते. म्हणून आज तुम्हाला गोळीबाईंबद्दल लिहिते आहे.

गोळीबाई, म्हणजे सरकारी दवाखान्याकडून टीबीच्या गोळ्या देणाऱ्या बाई, कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. आमच्या पिंगळी गावात ज्याला टीबी होई, त्याच्या दारात त्या रोज सकाळी जात आणि डोळ्यांदेखत गोळ्या गिळायला लावत. मला टीबी झाला तेव्हा माझ्याही दारात आल्या. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी. म्हटलं, "ठेवा तिथे, चहा झाला की घेते." त्या उंबऱ्यावर बसल्या. "होऊ द्या चहा. मग आ करायचं, म्याडम, अन् जीभ उचलायची. लय शिकलेली माणसंच गोळी गालात धरतेत."

रिकामी पाकिटं त्या घेऊन जात आणि प्रत्येक रोग्याची वेगळी माळ सुतळीत ओवून घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी खुंटीला टांगत. "कशाला हा उद्योग?" मी विचारलं. "माझ्यासारखीचं कोण ऐकतंय? पाकिटं दाखवता येतेत."

माझीही एक पद्धत होती. कॅलेंडरवर रोजच्या गोळ्यांची खूण करायची. पण पान नीटनेटकं दिसावं म्हणून मी रविवारीच सगळ्या आठवड्याच्या खुणा एकदमच करून ठेवत असे.

पाचव्या महिन्यातही खोकला थांबला नाही. बेडक्यात जंतू तसेच होते. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी कॅलेंडर मागितलं. उद्याच्या तारखेवरही खूण होती. त्यांनी ते माझ्याकडे परत सरकवलं. "आजी, गोळ्या चुकवल्या की असंच होतं. त्याच गोळ्या पुन्हा पहिल्यापासून घ्या."

मी एकही गोळी चुकवली नव्हती. त्या गोळ्या माझ्यावर चालत नव्हत्या आणि तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. सोबत आलेल्या गोळीबाई उठल्या. "खुर्चीवरून हालू नका," एवढं मला बजावून रिक्षाने पिंगळीला गेल्या आणि माझी माळ घेऊन आल्या. ती त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"मोजा, साहेब. एकेक गोळी गिळताना मी बघितलीय. खुणा खोट्या असतील, ह्या बाईला टापटिपीचं याड हाय. मी खोटी न्हाई. बेडका मोठ्या तपासणीला पाठवा, तवर मी उठत न्हाई."

"मावशी, बाहेर रांग हाय," कंपाउंडर म्हणाला.

"रांगेला बी ऐकू द्या."

डॉक्टरांनी खरोखरच पाकिटं मोजली आणि नमुना पाठवला. अहवाल आला : दोन मुख्य औषधांना माझे जंतू दाद देत नव्हते. जंतूच्या जनुकात बदल झाला की औषध त्याला लागू पडत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. कुणी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की असे जंतू माजतात आणि दुसऱ्यालाही लागतात. शिवाय अशा जंतूंच्या अंगात बारीक पंप असतात, आत शिरलेलं औषध ते बाहेर फेकतात.

गोळीबाई विचारात पडल्या. "म्हंजी आपण ओतायलोत अन् त्यो मोटर लावून उपसायलाय. मग त्याच्या मोटरीला आवरंना असं औषध द्या की."

डॉक्टर हसले. मग माझी माफीही मागितली.

नवीन औषधांनी माझं अंग काळवंडलं, पोटात अन्न ठरेना. एकदा मी म्हटलं, आता पुरे. त्या म्हणाल्या, "काळ्या व्हा, पण बऱ्या व्हा. आ करा." मी आ केला. शेवटची गोळी घेतली त्या दिवशीही त्यांनी जीभ उचलायला लावली. मी निमूटपणे उचलली.

गेल्या थंडीत गोळीबाई झोपेतच गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला पिंगळीतली अशी माणसं आली होती, ज्यांची आशा घरच्यांनी सोडली होती. सगळे शेवटपर्यंत चालत गेले.

माझ्या डाव्या फुप्फुसाचं टोक कायमचं गेलं. उरलेल्यावर मी रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जाते आणि चालत परत येते.