प्रत्येक प्रश्नाला हो

परदेशी ठरवून अडकवून ठेवलेल्या माणसांच्या केंद्रात मी वकील मॅडमबरोबर गेलो होतो. मी कायद्याचा विद्यार्थी, सोबत शिकायला. समोरचा माणूस मनाने आजारी होता. काहीही विचारलं की मान हलवून तो "हो" म्हणायचा.

"तुम्हाला परत पाठवलं तर चालेल?"

"हो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दादा, माझ्या डोक्यावर शिंगं आहेत का?"

"हो," तो तितक्याच अदबीने म्हणाला.

"बघ," मॅडम मला म्हणाल्या, "उद्या न्यायाधीशांसमोरही हेच म्हणेल, आणि ते संमती समजून त्याला देशाबाहेर पाठवून देतील. आधी याची डॉक्टरांकडून तपासणी मागू."

मला बाबा आठवले. कचेरीत साहेब काहीही विचारोत, ते हात जोडून हो म्हणतात. 'मला समजलं नाही' एवढं म्हणायलासुद्धा बहुधा कुणीतरी आपलं शेजारी बसलेलं लागतं. या माणसाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी होस्टेलवर आईचा फोन आला. "जेवलास का? मित्र झाले ना आता तिथे?"

खोलीत मी एकटाच होतो, उपाशी.

"हो," मी म्हणालो, आणि ती समोर असल्यासारखी मानही हलवली.