म्हशीचा खांब

गोठ्याजवळून जाताना तो नाकात चढणारा वास आला की मला पोलादपूरच्या वरची एक वाडी आठवते. नव्वदच्या दशकात मी महाडला नवखा इंजिनिअर होतो आणि तिथल्या एका स्लॅबच्या घराचा खांब तडकला म्हणून मला बोलावलं होतं. पडवीतल्या त्या खांबाला वर्षानुवर्षं म्हैस बांधलेली. मुताने खालचं काँक्रीट पोखरलं होतं, आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या, आणि त्याच स्लॅबखाली घरातली पाच माणसं झोपत होती. आम्ही स्लॅबला टेकू दिले, गंज घासून काढला, नव्या सळ्या बांधल्या आणि खांबाभोवती काँक्रीटचा जाड थर ओतला. निघताना मी घरच्या म्हातारीला धीर दिला, "आजी, आता साऱ्या घरात हाच खांब भक्कम." पुढच्या पावसाळ्यात सहज डोकावलो, तर म्हैस त्याच खांबाला आणि खाली ओल. मी चिडलो. म्हातारी शांतपणे म्हणाली, "मारकी हाय ती, हिसके देते. भक्कम खांबालाच बांधाया हवी ना? तुमीच बोल्लाव." आजही खांब दुरुस्त केला की तो किती भक्कम झाला हे मी सांगत नाही, आधी म्हैस कुठे बांधणार, ते विचारतो.