जमनाच्या आईसाठी धरलेला उपास

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, असं माझी जाऊ म्हणती. खरंय ते. पण ही एक गोष्ट — चार वर्षं झाली — मी कुणालाच सांगितली न्हाई. नवऱ्याला न्हाई, जावेला न्हाई. देवासमोर हात जोडतानाबी ती गाळूनच पुढं जाते. आता तुम्हाला सांगून राह्यले. तुम्हालाच का? तुम्ही जमनाला ओळखत न्हाई, म्हणून असंल.

मी नर्सबाई. सारी नोकरी खेड्यात गेली, शेवटची वर्षं हसनाबादला. रिटायर होऊन जालन्यात राहायला आले, तर दिवस जाता जाईना. त्याच टायमाला सिंधमधून, सरहद्दीच्या पलीकडून, काही कुटुंबं सगळं सोडून इथं आल्ती. गावातल्या चार-दोन लोकांनी ठरवलं, दर घराला एक सोबती द्यायचा. लेकरांची नावं शाळेत घालायची, दवाखाना दाखवायचा, अर्ज भरून द्यायचे, मराठी शिकवायची. मी पुढं होऊन नाव दिलं. फुकटचा मान कुणाला नको हो? माझ्या वाट्याला जमनाचं घर आलं. ती, तिचा नवरा चेतन, दोन लेकरं, भाड्याची एक खोली.

आता माझा सोभाव सांगते. तीस वर्षं घरोघर फिरून मी एकच शिकले — पहिल्यांदा विचारलं की माणूस खोटं सांगतो. गोळ्या घेतल्या का? घेतल्या, म्हणायच्या. आन् गोळ्या उतरंडीमागं सापडायच्या. तर जमनाच्या खोलीत पाय टाकला की माझी नजर आधी कोपऱ्यात जायची. चेतन रोज दिवस मावळायला फोन घेऊन गच्चीवर का जातो? मी जिन्यात दिसले की त्याचा आवाज का पडतो? टेलरकाम करतो म्हणे, मंग चार दिवस दुकानात का दिसला न्हाई? आन् ही जमना मला बघून इतकी हसती का? इतकं कोण हसतं परक्या बाईला?

तिच्या हातचं मी खातच नव्हते. खेड्यात असताना मी कुणाच्याबी घरी चहा पेले, भाकर खाल्ली, कधी बिलकुल मागंपुढं बघितलं न्हाई. पण हिच्या ताटाकडं हात जाईना. किळस नव्हती. भ्या होतं — कशाचं, ते आजबी सांगता येत न्हाई. कोण, कुठली, कशाला आली, एवढंच डोक्यात. पहिल्या दिवशी तिनं पापड भाजला, पाणी दिलं. मी म्हणले, आज सोमवार, माझा उपास हाय. पुढच्या बारीला गुरुवार सांगितला. मंग चतुर्थी. मंग शनिवार. तिनं काय करावं? शेजारणीकडून भगर शिकली! भगर आन् शेंगदाण्याची आमटी, माझी वाट बघत झाकून ठिवलेली. आता आली का पंचाईत! मंग मी म्हणले, माझा निरंकार असतो बाई, पाणीबी चालत न्हाई. तिनं माझ्या पायाला हात लावला. दोन गल्ल्यांत बोभाटा झाला, सिस्टर लई देवाधर्माच्या. आन् मी घरी येऊन बाजरीची भाकर अन् ठेचा हाणायची.

इथवर हसून सोडून देता येतं. पुढचं येत न्हाई.

जमनाची आई लेकाबरोबर, जमनाच्या भावाबरोबर, आधीच इकडं आल्ती, राजस्थानात राहत होती. म्हातारीनं अंथरूण धरलं. पण या लोकांना जिल्ह्याबाहेर जायचं तर परवानगी लागती, आन् परवानगीच्या आधी चौकशी. अर्ज मीच भरून दिला, माझ्याच अक्षरात. आन् चौकशीचा माणूस माझ्याच दारात आला. बराबरच हाय, सोबती म्हणून नाव माझंच होतं. चहा पिता पिता म्हणला, "सिस्टर, तुमचं जाणं-येणं हाय. माणसं कशी हायेत? तुम्ही चांगली म्हणा, मी उद्याच कागद पुढं पाठवतो."

चांगली हायेत. एवढंच म्हणायचं होतं, आन् खरंबी तेच होतं. मी काय म्हणले? म्हणले, "नवरा गच्चीवर जाऊन कुणाशी तरी बोलतो, मला बघून गप होतो. जरा बघा बाबा, घाई नका करू."

कुणी विचारलं नव्हतं गच्चीचं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आन् अजून एक खरं सांगू का? म्हणताना मला बरं वाटलं. तो वहीत लिहून घेऊन राह्यल्ता, आन् मला वाटलं, बघा, या वयातबी माझी नजर किती तेज हाय.

कागद थांबला. चेतनला दोनदा बोलावून विचारलं. तेव्हा कळलं, तो पलीकडं राहिलेल्या भावाशी बोलायचा. मला बघून आवाज का पडायचा? सरकारी नोकरी केलेली बाई, तिला उगं संशय नको यायला, म्हणून!

तेव्हातरी मी त्या माणसाला फोन करायचा, की न्हाई? माझं चुकलं, जाऊ द्या यांना, म्हणायचं. नंबर होता माझ्याजवळ. केला न्हाई. केला असता तर मी काय बोलले ते निघालं असतं, जमनाच्या कानावर गेलं असतं. म्हातारीच्या श्वासापेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं.

त्याच दिवसांत जमना रडत माझ्याकडं आली. तोवर तिला आपली बोली यायला लागल्ती, मीच शिकवल्ती. म्हणली, "ताई, तुमचा उपास देवाला पोचतो. माझ्या आईसाठी एक धरा. परवानगी येईस्तोवर." मी तिच्या डोक्यावर हात ठिवला. धरते म्हणले. एवढ्यावर थांबावं का न्हाई? न्हाई — म्हणले, परवानगी येईस्तोवर अन्नाला शिवणार न्हाई, नुसत्या दुधावर राहीन. ती गेली आन् मी जेवायला बसले. वांग्याची भाजी होती.

परवानगीच्या आधी निरोप आला. म्हातारी गेली.

आपल्याकडं मौतीच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजारच्यानं पिठलं-भाकर न्यायची, जवळ बसून घास घ्यायला लावायचं. ते काम माझं होतं. मी गेले न्हाई. कोणत्या तोंडानं जाऊ? दार लावून घरात बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. जमना. डोळे सुजलेले, हातात झाकलेली वाटी. म्हणली, "आता परवानगी कशाला पायजे, ताई? तुम्ही उपास सोडा. माझ्यापायी किती दिवस उपाशी राहता?"

वाटीत भगर होती, वर आमटी. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं. मौतीच्या घरात तिनं माझ्यासाठी गॅस पेटवल्ता.

पहिला घास तिनं उचलून माझ्या तोंडापुढं धरला. आता सांग, मन म्हणलं. आताच सांग. मी तोंड उघडलं — आन् घास घेतला.

भगर मऊ झाल्ती, मीठ बराबर होतं. ती पुढ्यात बसून राह्यली, मी वाटी संपवली.

जमना अजून त्याच गल्लीत राहती. दर सोमवारी तिच्या घरून माझ्यासाठी भगर येती. मी खाते.