तुडीलची शर्यत आणि माझा डावा गुडघा

संयोजकांनी तिला 'तिहेरी शर्यत' असं नाव दिलं होतं. आधी पाऊण किलोमीटर पोहायचं, मग त्याच ओल्या अंगाने वीस किलोमीटर सायकल आणि शेवटी पाच किलोमीटर धावायचं. महाडच्या व्यायामशाळेतल्या कोणीतरी मुंबईत असली शर्यत पाहिली होती. आपल्याकडे नदी आहे, रस्ता आहे, मग आपण का नाही, एवढ्या एका मुद्द्यावर सगळी जमवाजमव झाली. दोन हजार सालानंतरची पहिली दोन-चार वर्षं असतील. बायकांच्या गटात तीन नावं आली आणि त्यातलं एक माझं होतं.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची, महाडच्या एका शाळेत खेळाची बाई. म्हणजे कागदोपत्री. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या कबड्डी सामन्यात चढाईवरून परत येताना, मधली रेषा हातभर राहिलेली असताना, माझा डावा गुडघा फिरला. त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मुंबईला ऑपरेशन झालं, आणि वर्षभराने डॉक्टरांनी गुडघा इकडे तिकडे वळवून सांगितलं की आता हा ठणठणीत आहे.

गुडघा ठणठणीत होता, मी नव्हते. जिना उतरताना, एसटीतून खाली येताना, साधं गटार ओलांडताना माझा उजवाच पाय पुढे पडायचा. डाव्यावर सगळा भार घ्यायची वेळ आली की अंग आपोआप आखडायचं. उडी मारून दाखवता न येणारी खेळाची बाई काय कामाची? शाळेने मला वाचनालयात बसवलं. मुख्याध्यापक भला माणूस. जूनपासून मैदानावर यायचं की वाचनालय कायमचं घ्यायचं, हे तुम्हीच ठरवा म्हणाले. मी ठरवलं की ही शर्यत करून बघायची. डाव्या पायावर भरवसा बसला तर मैदान, नाहीतर जन्मभर पुस्तकांना कव्हरं घालायची.

माझा नवरा कोर्टात कारकून, त्यामुळे त्याने अटी घातल्या. गुडघा दुखला की तिथल्या तिथे थांबायचं, ही पहिली. तो त्याच्या एम-एटी मोपेडवरून सतत मागे राहणार, ही दुसरी. आदल्या दिवशी तो मासळीबाजारातून बर्फ आणायला निघाला, तेव्हा त्याला म्हटलं, मी सुरमई नाही. तरी पहाटे हँडलला बर्फाचा डबा लटकलेलाच होता.

पोहायला मी ऑपरेशननंतर शिकले, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. माझं माहेर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीवरचं. तिथे गुरं पाण्यावर न्यायची आणि ते पाणी गुरांच्या गुडघ्याएवढं. पण माझी मावशी महाडच्या खाली, खाडीकाठच्या तुडील गावात दिलेली आणि तिचे यजमान सावित्री नदीत होडी चालवायचे. त्या काकांनी माझ्या कमरेला दोर बांधून मला नदीत सोडलं आणि स्वतः होडीत बसून विडी ओढत सूचना दिल्या. मगरी वर महाडच्या डोहात, इकडे खाऱ्या पाण्यात येत नाहीत, असं ते शपथेवर सांगत. मी विश्वास ठेवला, कारण दुसरा इलाज नव्हता. वर्षभर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी तुडीलच्या पाण्यात होते.

शर्यतीची वेळ संयोजकांनी काकांना विचारूनच ठरवली होती. खालच्या धक्क्यावरून निघून वर गावाच्या धक्क्यापर्यंत पोहायचं, म्हणून सकाळी सात, कारण त्या तिथीला तेव्हा भरती चढत असते आणि पाणीच माणसाला मागून ढकलतं. जानेवारीतले सात वाजले. आम्ही तीसेक जण टॉवेल गुंडाळून धक्क्यावर कुडकुडत उभे होतो. ताशेवाले आले होते, मंडप होता, नारळही होता. नारळ फोडणारे पाहुणे तेवढे आले नव्हते.

आता नारळाशिवाय शर्यत सुटत नाही आणि पाहुण्यांशिवाय नारळ फुटत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. साडेसात झाले, आठ झाले. काका दोनदा मंडपात जाऊन सांगून आले की पाणी फिरेल. पहिल्यांदा त्यांना बघतो म्हणाले, दुसऱ्यांदा खुर्ची आणि चहा दिला. पाहुणे नऊला उगवले आणि खेळाडूंनी वेळेचं महत्त्व ओळखावं, या विषयावर भरपूर बोलले. माझं डोकं असं तापलं होतं की थंडी वाजायची थांबली. नारळ फुटला तेव्हा धक्क्याच्या दगडावर वीतभर ओली रेघ उघडी पडलेली होती.

काका वाकून माझ्या कानाशी आले. "भरती सरली. पानी खाली निघालाय. मधी जाव नको गो, कडंकडंनं जा."

मी शेजारच्या दोघींना लगेच सांगितलं. महाडची होती ती माझ्यामागून यायला तयार झाली. पुण्याहून आलेली, उंच, डोळ्यांना पोहायचा चष्मा लावलेली बाई हसून म्हणाली की ती तलावात रोज दोन किलोमीटर पोहते.

शिट्टी झाली आणि सगळे धडाधड नदीच्या मध्यावर गेले, सरळ रेषेत, कारण सरळ रेषा जवळची. मी चिखलाच्या कडेने, झाडोऱ्याला जवळजवळ खेटून निघाले. तिथे पाणी सुस्त असतं, एखाद्या वळणावर तर उलटंही फिरतं. चार हात मारले की श्वास, पुन्हा चार. मध्येच मान वर केली तर मधले वीसेक पुरुष जोरजोरात हात मारत होते आणि किनाऱ्यावरचा एकच माड त्यांच्या शेजारी तसाच उभा होता. मला पाण्यातच हसू आलं आणि घोटभर पाणी नाकात गेलं. गावच्या धक्क्यावर मी सगळ्यांत चौथी निघाले. बायका ओरडत होत्या, त्यात मावशीचा आवाज सर्वांत वर. मला इतका आनंद झाला होता की मी ओल्या टी-शर्टात, अनवाणी, सायकलच्या विरुद्ध दिशेला पळत सुटले. नवऱ्याने हात धरून वळवलं.

सायकल शेजाऱ्यांची, मागे कॅरिअर असलेली. महाडच्या दिशेने दहा किलोमीटर जायचं, रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. गिअरच्या सायकली एकेक करून मला मागे टाकत गेल्या, पण त्या सगळ्या पुरुषांच्या, त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. मागे एम-एटीची टरटर चालूच. दर मैलाला नवरा विचारायचा, दुखतंय का? मी नाही म्हणायचे. पाचव्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, गुडघा नाही, कान दुखतोय. मग तो थोडा मागे राहिला.

पुणेकरीण मला परतीच्या शेवटच्या चढावर दिसली. माझ्या मागे, पण फार मागे नव्हे. पाण्यात गमावलेलं सगळं तिने सायकलवर भरून काढलं होतं.

धावायला उतरले तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. पहिला किलोमीटर गावातून. मग वाट रस्ता सोडून शेतांकडे वळली, खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला घातलेल्या मातीच्या बांधावर. दोन माणसं जेमतेम बाजूबाजूने जातील एवढी रुंदी. एम-एटी तिथे येणं शक्यच नव्हतं. नवरा रस्त्यावरच थांबला आणि तिथून काहीतरी ओरडला, मला ते ऐकू आलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या गुडघ्यासोबत एकटी होते. उजव्या पायावर जोर, डावा जपून. मनात सारखी पावलांची मोजणी चालू होती.

मागून धापा ऐकू आल्या. पुणेकरीण आली, चांगलं चाललंय म्हणाली आणि पुढे गेली. अगदी मनापासून म्हणाली, आणि त्याचाच मला राग आला. चांगलं? माझ्या मावशीच्या गावात, माझ्या काकांच्या पाण्यातून मी हिच्याआधी बाहेर आले होते! मी तिच्या पाठीकडे बघून सुटले. ती मोजणी कुठे बंद पडली ते आठवत नाही. दोन्हीकडे वालाची शेतं, तोंडात खारट घाम, आणि पुढे तिची निळी पाठ जवळ येतेय, लांब जातेय, पुन्हा जवळ येतेय. मी शेवटचं असं कबड्डीत पळाले होते, रेषेकडे, अंगावर तीन जणी असताना. गावाच्या मैदानात शिरलो तेव्हा आमच्यात पाच पावलांचं अंतर होतं आणि ते पाचच राहिलं. ती पहिली, मी दुसरी. ती पाच पावलं मला आजही खुपतात.

मी मैदानात आडवी पडले होते आणि मावशी माझ्यावर पाणी ओतत होती, तेव्हा नवरा पळत आला. डबा हातात, चेहरा पांढरा. दुखतंय का, हे त्याने विचारलंच नाही.

"तू तो चर कसा ओलांडलास?" तो म्हणाला.

मी विचारलं, कुठला चर?

बांधाला एके ठिकाणी पाणी सोडायला कापलेला चर होता. संयोजकांनी त्यावर फळी टाकली होती. नवरा रस्त्यावरून शेतांपलीकडे बघत होता. पुढची फळीवरून गेली आणि फळी पलटून खाली पडली. मागून मी आले, थांबलेच नाही, सरळ उडी मारली. त्याला डोळे मिटून घ्यायचे होते, पण मिटले गेले नाहीत.

"डाव्या पायावर उतरलीस," तो म्हणाला. "आणि तशीच पळत गेलीस."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मला फळी आठवत नव्हती, उडी आठवत नव्हती, फक्त निळी पाठ आठवत होती. बक्षिसांसाठी नावं पुकारायला सुरुवात झाली होती, पण मी त्याला हाताला धरून पुन्हा बांधावर घेऊन गेले. चर खरंच होता, चांगला चार हात रुंद, आणि फळी खाली चिखलात पडलेली. मागून आलेले शेजारून चिखलात उतरून गेले असावेत. पलीकडच्या काठावर ओल्या मातीत एकच पाऊल खोल रुतलेलं होतं, आणि ते डावं होतं. त्या पावलाकडे बघून मला रडू फुटलं, अगदी मोठ्याने, लाज न बाळगता.

मग मी डोळे पुसले, दहा पावलं मागे गेले आणि पुन्हा धावत आले. या वेळी सगळं दिसत होतं, चर, चिखल, नवऱ्याचा पुढे आलेला हात. भीती होतीच. तरी मी डावाच पाय पुढे टाकला.

सोमवारी शाळा भरण्याआधी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, वाचनालयासाठी दुसरं कोणीतरी बघा.