टोल पडेपर्यंत

चौथीच्या वर्गशिक्षिकेला सगळी शाळा टोलबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! पोरानं करंगळी वर केली की बाईंचं उत्तर ठरलेलं: "आत्ताच तर सुट्टी झाली. आता टोल पडल्यावर." कुणी फारच कळवळला तर सोडत, पण आल्यावर तास संपेपर्यंत उभं करत. बाकीची पोरं पाय आवळून, वाकडीतिकडी होऊन बसत, आणि बाईंना वाटे, काय ही शिस्त!

पहिल्या बाकावर एक बारकी पोर होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिची आई भेटायला आली होती. पोरीला लघवीला जळजळ होते, सारखा ताप येतो, पाण्याची बाटली भरलेली जाते नि भरलेलीच परत येते, असं काकुळतीनं सांगत होती. बाईंनी तिला चांगल्या सवयींवर चार शब्द सुनावून वाटेला लावलं.

मग आलं शिक्षकांचं प्रशिक्षण: मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता. चहा फुकट होता, चांगलाही होता. बाईंनी कपामागून कप रिचवले आणि ऐटीत सगळ्यांत पुढची खुर्ची पटकावली. तिथंच घात झाला. बोलायला आलेले डॉक्टर थांबायचं नाव घेईनात. आणि विषय कुठला, तर मुलांनी लघवी रोखून धरू नये! पडद्यावर हा एवढा मोठा वाहता नळ. बाईंनी पायावर पाय टाकला, पाय बदलला, मनात पाढे म्हटले. सतराच्या पाढ्यातच गाडी अडली. उठून जावं तर मागं सगळी शाळा बसलेली. जिनं जन्मभर पोरांना बसवलं, ती कुठल्या तोंडानं उठणार?

शेवटी लाज गेली खड्ड्यात. बाईंचा हात वर गेला आणि बघतात तर काय, करंगळीच ताठ उभी.

"मॅडम, आत्ताच तर सुट्टी झाली," डॉक्टर गमतीनं म्हणाले. "आता हे संपल्यावर."

सभागृह खदखदून हसलं. चित्रकलेचे सर तर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. बाईंची कानशिलं तापली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपण निदान मनसोक्त चहा तरी प्यालो. ती पोर तर आपल्या धाकानं पाणीच पीत नाही, हे तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि वाईट वाटलं, फार वाईट. मग त्या उठल्या नि कुणाला न विचारता तडक बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात जाहीर केलं, ज्याला लागली त्यानं जावं, विचारायचं नाही. क्षणात वर्ग रिकामा! आगीचा सराव सुरू झाला समजून मुख्याध्यापक चष्मा सावरत पटांगणात धावले. वर्गात उरली एकटी चिमणी. बाई तिच्या बाकावर टेकल्या आणि तिची बाटली झाकण उघडून पुढं धरली.

"पी."

"मग लागेल ना, बाई."

"लागली की जा."

चिमणीनं बाईंचं तोंड नीट न्याहाळलं. "आल्यावर उभं नाही ना करणार?"

"नाही गं बाळा."

पोरीनं बाटली तोंडाला लावली, ती पार रिकामी झाल्यावरच खाली ठेवली. केवढी तहान लागली होती पोरीला.